निगेटिव्ह म्हणजे चांगलं ना?

‘अभिनंदन मॅडम!’

सोमवारची सकाळ, पावणेआठ. लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने माझा कागद वाचला, ‘बीटा एचसीजी’ हे शब्द दिसले आणि तिचा चेहरा एकदम खुलला. तिची काहीच चूक नाही. ही टेस्ट करायला येणाऱ्या बहुतेक जणी गुड न्यूज पक्की करायलाच येतात. आकडा वाढावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेल्या असतात. मी मात्र आकडा उतरावा म्हणून आले होते. मी ‘थँक्यू’ म्हटलं आणि बाही वर केली. काय सांगणार? मागे सहा जणांची रांग होती.

पुढचे दोन-अडीच महिने माझा प्रत्येक सोमवार असाच उजाडला.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगते. ऑक्टोबरमध्ये दोन गुलाबी रेषा आल्या. मी अठ्ठावीसची, लग्नाला दोन वर्षं झालेली, फ्रीलान्सिंगचं बस्तान जेमतेम बसलेलं. टायमिंग परफेक्ट नव्हतं, पण आनंद सॉलिड झाला. नवऱ्याने त्याच रात्री एक प्रेग्नन्सी अ‍ॅप डाउनलोड केलं. दर आठवड्याला ते सांगायचं, तुमचं बाळ आता तिळाएवढं, आता वाटाण्याएवढं. मला उलट्या इतक्या व्हायच्या की एका मुलाखतीच्या मधूनच मी उठून पळाले होते. सासूबाई म्हणाल्या, ‘होऊ देत. उलट्या होतायत म्हणजे गर्भ नीट रुजलाय.’ नवव्या आठवड्यात अ‍ॅप म्हणालं, ‘तुमचं बाळ आता द्राक्षाएवढं आहे.’ दुसऱ्याच दिवशी ब्लीडिंग सुरू झालं.

सोनोग्राफीच्या खोलीत एरवी डॉक्टर बोलत असतात. हे बघा हृदयाचे ठोके, हे बघा डोकं वगैरे. माझे डॉक्टर गप्प होते. स्क्रीनवर बाळ नव्हतंच. नुसता पांढरा भुरभुरता पसारा, जुन्या टीव्हीवर केबल गेल्यावर दिसायच्या तशा मुंग्या. ‘मोलर प्रेग्नन्सी वाटतेय,’ ते म्हणाले. मराठीत याला द्राक्षगर्भ म्हणतात, हे मला घरी आल्यावर कळलं. गर्भाशयात बाळ वाढत नाही, वारच वाढत सुटते. तिच्या बारीक बारीक तंतूंमध्ये पाणी भरतं आणि द्राक्षाचा घड दिसावा तसं दिसतं. युरोप-अमेरिकेत साधारण हजार गरोदरपणांमागे एक, आशियाच्या काही भागांत त्याहून जास्त. त्या रात्री अ‍ॅप डिलीट करायचं आम्ही दोघंही विसरलो. पुढच्या आठवड्यात नोटिफिकेशन आलंच.

दोन दिवसांनी क्युरेटिंग झालं. त्यानंतर दहाएक दिवसांनी आला बायोप्सीचा रिपोर्ट. दोन पानं, बारीक इंग्रजी, आणि शेवटी एक ओळ: पी५७ निगेटिव्ह.

मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी. बारावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही. कोविडने आपल्या सगळ्यांना एकच फंडा शिकवला, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. मी नवऱ्याला लगेच मेसेज टाकला, ‘निगेटिव्ह आहे!!’ दोन उद्गारचिन्हांसकट. संध्याकाळी गायनॅकना फोन केला तेव्हा कळलं, ही निगेटिव्ह त्यातली नाही. पी५७ नावाचं एक प्रोटीन असतं. ते पेशींच्या वाढीवर ब्रेक लावतं. माझ्या वारेत ते सापडलंच नव्हतं.

आता, पत्रकाराला अर्धी माहिती देऊन फोन ठेवायचा नसतो. रिपोर्टखाली ज्यांची सही होती त्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी गाठलं. साठीच्या असतील. म्हटलं, मला माझी स्लाइड बघायचीय. त्या चष्म्यावरून दोन सेकंद बघत राहिल्या. ‘पेशंट सहसा असं विचारत नाहीत. बस. चहा घेणार?’

मायक्रोस्कोपमध्ये जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. काचेवर निळसर पेशींची बेटं होती आणि एका कडेला तपकिरी ठिपके पसरले होते. या टेस्टमध्ये पी५७ जिथे आहे तिथे तपकिरी रंग चढतो. नसेल तिथे पेशी निळ्याच राहतात. ‘ही निळी बेटं म्हणजे ती वार,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि हे कडेचं तपकिरी दिसतंय ना, ती तू. तुझ्या गर्भाशयाचं अस्तर. क्युरेटिंगमध्ये तेही थोडं येतं. ते तपकिरी झालंय म्हणून आम्हाला कळतं की टेस्ट बरोबर लागलीय.’

एकाच काचेवर मी आणि ते. मी तपकिरी, ते निळं.

मग दीड कप चहा होईपर्यंत मॅडमनी माझा क्लास घेतला. मला वाटायचं, वार म्हणजे आईच्या अंगाचा भाग, बाळाला गुंडाळणारी एखादी दुलई. चूक! वार मुख्यतः गर्भाच्याच पेशींची बनते आणि आईच्या अंगात अक्षरशः घुसते. (मराठीत ‘वार’ म्हणजे घाव पण, हे तोपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं.) या पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. त्यांचा बायोडेटा ऐका. गर्भाशयाची भिंत विरघळवणारी एन्झाइम्स त्या सोडतात. आईच्या रक्तवाहिन्यांमध्ये शिरून त्या रुंद करतात आणि रक्त आपल्याकडे वळवून घेतात. भराभर विभागत राहता यावं म्हणून टेलोमरेज नावाचं प्रोटीन वापरतात. आणि अर्ध्या परक्या, म्हणजे बाबाच्या जीन्सच्या असूनही आईच्या प्रतिकारशक्तीला चुकवतात. त्यासाठी एचएलए-जी, पीडी-एल१ अशी प्रोटीन्स अंगावर मिरवतात. पहारेकऱ्याने अडवू नये म्हणून गळ्यात आयकार्ड घालावं तसं.

घुसखोरी, रक्त पळवणं, पहारेकऱ्यांना गंडवणं. ही यादी तुम्ही कुठे तरी वाचली असेल. मीही वाचली होती, कॅन्सरवरच्या एका लेखात.

हे काही आजचं निरीक्षण नाही. जॉन बिअर्ड नावाच्या स्कॉटिश भ्रूणशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी एकसारख्या वागतात. भरकटलेल्या ट्रोफोब्लास्ट पेशींमुळेच कॅन्सर होतो ही त्याची पुढची थिअरी साफ चुकली, पण साम्य खरंच होतं. आणि ते नुसतं दिसण्यापुरतं नाही. पीडी-एल१च्या आयकार्डाचा उपयोग होऊ न देणारी कॅन्सरची औषधं आहेत ना, त्यातलंच पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध वारेच्या कॅन्सरवर, बाकी कशाला दाद न देणाऱ्या पेशंट्सना उपयोगी पडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

‘मग प्रत्येक बाई नऊ महिने एक ट्यूमर घेऊन फिरते?’ मी विचारलं.

‘नाही गं. ट्यूमर थांबत नाही. वार थांबते.’

ती गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक तृतीयांशापर्यंत जाते आणि तिथे थबकते. कमी घुसली तर बाळाला रक्त कमी पडतं, आईचं बीपी चढतं. जास्त घुसली, आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर तसं होऊ शकतं, तर बाळंतपणात ती सुटतच नाही. नऊ महिने संपले की ही साधारण अर्धा किलोची घुसखोर आपणहून बाहेर पडते. आजीच्या काळी सुईण विचारायची ना, ‘वार पडली का?’ ते ‘पडली’ ऐकेपर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर नसायचा.

तर हे थांबणं जमतं अनेक ब्रेक्समुळे. पी५७ हा त्यातला एक. आणि इथेच खरी गंमत आहे, जर तिला गंमत म्हणायची असेल तर. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बाबाची. बहुतेक वेळा दोन्ही काम करतात. पी५७च्या बाबतीत बाबाकडून आलेली प्रत गप्प बसलेली असते. ब्रेक फक्त आईकडून येतो.

माझ्या वारेत ब्रेक नव्हता, कारण तिच्यात आईच नव्हती.

हे समजायला मला जरा वेळ लागला. पूर्ण द्राक्षगर्भात अंड्यातला आईचा जेनेटिक मसाला नाहीसा झालेला असतो. अशा रिकाम्या अंड्यात एक शुक्रजंतू शिरतो आणि स्वतःचीच डबल कॉपी काढतो. कधी कधी दोन शिरतात. गुणसूत्रं सेहेचाळीसच भरतात, पण सगळीच्या सगळी बाबाची. जपानमध्ये काजी आणि ओहामा यांनी १९७७ मध्ये हे दाखवलं. मग १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर फिलाडेल्फियात मॅकग्राथ आणि सोल्टर यांनी उंदरांचे भ्रूण बनवून पाहिले. नुसत्या बापाच्या जीन्सचा भ्रूण केला तर वारेचा भाग भरपूर, पिल्लू जवळपास नाहीच. नुसत्या आईच्या जीन्सचा केला तर पिल्लू बऱ्यापैकी, पण वार मरतुकडी. डेव्हिड हेग या शास्त्रज्ञाने मांडलेली थिअरी अशी की बाबाचे जीन्स ‘आईकडून जेवढं ओढता येईल तेवढं ओढ’ म्हणतात, आणि आईचे ‘बेताने घे, तिला अजून पुढे जगायचंय.’ थिअरीच आहे, पण कुठल्याही मराठी घरातल्या डायनिंग टेबलाशी जुळते.

आमच्या डायनिंग टेबलावर त्या आठवड्यात काय चाललं होतं ते सांगते. पपई खाल्ली होतीस का? स्कूटरवरून किती हिंडलीस? रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतेस, त्याची उष्णता. नवऱ्याची आत्या फोनवर म्हणाली, ‘मुलीच्या अंगातच काही दोष नाही ना, एकदा नीट तपासून घ्या.’ फोन स्पीकरवर होता. साताऱ्याहून माझ्या आईचा रोज फोन यायचा, ती रडायची आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागायची.

स्लाइड बघून घरी येताना रिक्षात मी ठरवलं होतं की आज सगळ्यांना गप्प करायचं. माझ्याकडे आता चक्क लेखी पुरावा होता. त्यात माझं काही नव्हतंच! सगळं तुमच्याकडचं! वाक्यं तयार होती, अगदी हेडलाइनसकट.

सासूबाई मटार सोलत होत्या. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या बाई. मी समोर बसले, एक शेंग उचलली आणि सगळं सांगितलं. निळ्या पेशी, तपकिरी पेशी, बाबाची सेहेचाळीस, आईचा ब्रेक. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘बरं. पण मग अंडं रिकामं का झालं?’

झालं! हवा गुल. कारण अंडं माझं होतं. ते तसं का होतं, याचं उत्तर माझ्या केसमध्ये कुणाकडेच नव्हतं. फार कोवळ्या वयात किंवा चाळिशीनंतर धोका वाढतो, पण मी दोन्हीत बसत नव्हते. पपई, स्कूटर, लॅपटॉप यांचा काही संबंध नाही, एवढं मॅडमनी ठणकावून सांगितलं होतं. मी ‘माहीत नाही’ म्हटलं.

‘माहीत नाही म्हणजे कुणाचा दोष आहे असं सिद्ध होत नाही,’ सासूबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली. त्या संध्याकाळी आत्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यांनी स्पीकर लावला नाही. आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

नवऱ्याला सांगणं जास्त अवघड गेलं. ‘म्हणजे ते नुसता मीच होतो?’ असं विचारून तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. मला तोपर्यंत वाटत होतं की हे दुःख माझ्या एकटीचं आहे, त्याला ऑफिस आहे, क्रिकेट आहे. त्या रात्री त्याने मोबाइलवरून ते अ‍ॅप काढलं. पासवर्ड, रिव्ह्यू, ‘तुम्ही का जाताय?’चा फॉर्म, सगळं भरून. कारणांच्या यादीत आमचं कारण नव्हतं. त्याने ‘इतर’वर टिक केली.

अशा वेळी लोक काय बोलतात ते ऐकून घ्या, तुमच्याही तोंडून निघू शकतं. ‘बरं झालं, बाळ नव्हतंच ना ते.’ मॅडमनीही तेच सांगितलं होतं, पण त्या सायन्स सांगत होत्या. बाकीचे मला रडण्याची परवानगी नाकारत होते. बाळ नव्हतं हे खरं. पण मी त्या नऊ आठवड्यांत कॉफी सोडली होती, रोज न चुकता फॉलिक अ‍ॅसिड घेतलं होतं, एक नावसुद्धा मनात पक्कं केलं होतं. ते सगळं कुणासाठी होतं?

असो. सोमवारांकडे वळू या.

ज्या हॉर्मोनने दोन गुलाबी रेषा दाखवल्या होत्या, तोच आता माझ्यावर पाळत ठेवायला वापरत होते. एचसीजी बनवतात ट्रोफोब्लास्ट पेशी. क्युरेटिंगनंतर त्यातल्या काही मागे राहून वाढायला लागल्या तर आकडा चढतो. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण शंभरातल्या पंधरा-वीस जणींना तसं होतं आणि केमोथेरपी लागते. म्हणून आकडा नॉर्मलला येईपर्यंत दर आठवड्याला रक्त, नंतर सहा महिने दर महिन्याला. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत, नाही तर आकडा कशामुळे वाढला तेच कळणार नाही. माझा पहिला आकडा होता दोन लाख चौऱ्याऐंशी हजार. आठवड्यात तो अकरा हजारांवर आला. मग चौदाशे साठ. तीनशे दहा. शहाण्णव. मी खुशीत. मग ब्याण्णव. मग पंच्याण्णव.

पाचच्या खाली जायला हवं होतं आणि गाडी नव्वदीत अडकली. ‘आणखी एक आठवडा बघू,’ डॉक्टर म्हणाले. ‘पुढच्या सोमवारीही तिथेच राहिला तर मेथोट्रेक्सेट सुरू करायचं. घाबरू नकोस, या स्टेजला जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात.’

त्या आठवड्यात मी काय केलं असेल? वाचलं. डेडलाइन चुकवून वाचलं. मेथोट्रेक्सेट फॉलिक अ‍ॅसिडला चकवून काम करतं, म्हणजे ज्या गोळ्या मी भक्तिभावाने घेत होते त्याच्या बरोब्बर उलट. फॉलिक अ‍ॅसिडला चकवणाऱ्या औषधांचं हे घराणं अमेरिकेत लेडर्ली कंपनीत बनलं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव मला तरी कधी भेटलं नाही. सुब्बाराव १९४८ मध्ये गेले. १९५६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट वारेच्या कॅन्सरवर यशस्वी ठरल्याचं जाहीर केलं. गाठीचा कॅन्सर नुसत्या औषधाने बरा होण्याची ही सुरुवात.

यातले ली मला फार जवळचे वाटले. एक्स-रेमध्ये गाठी दिसेनाशा झाल्या तरी रक्तात हॉर्मोन थोडा शिल्लक असायचा, आणि तो पूर्ण जाईपर्यंत ली औषध देत राहायचे. वरिष्ठांना वाटलं, हा बायकांना उगाच विष पाजतोय. त्यांची नोकरी गेली. पुढे दिसून आलं की लींनी शेवटपर्यंत औषध दिलेल्या बायकांना कॅन्सर परत झाला नाही. १९७२ मध्ये ली आणि हर्ट्झ दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला. आकडा शून्याकडे जाईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, हे खूळ त्यांचं. माझे सगळे सोमवार त्या खुळामुळे होते.

पुढच्या सोमवारी आकडा आला अडतीस. मी लॅबच्या पायऱ्यांवरच बसले. मग अकरा, मग चार. केमो लागली नाही.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा मला एकदम जाणवलं की यंदा द्राक्षं आली नाहीत. सासूबाईंचं माहेर तासगावचं. दर वर्षी मामांकडून दोन पेट्या येतात म्हणजे येतातच. नोव्हेंबरपासून मी फळांच्या गाडीवरून मान वळवून जात होते, पण घरात कुणाला बोलले नव्हते. वाटलं, मामांचं पीक गेलं असेल अवकाळीत. एक दिवस गेटपाशी वॉचमनची बायको भेटली. म्हणाली, ‘ताई, द्राक्षं लई गोड व्हती. आजींनी दोन्ही पेट्या आमालाच दिल्या की.’

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, ‘आई, पुढच्या वर्षी एक पेटी ठेवा.’

‘बघू. आधी तुझा शेवटचा रिपोर्ट येऊ दे.’

शेवटचा रिपोर्ट आला जुलैमध्ये, सोमवारीच. रक्त सकाळी दिलं होतं. पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या होत्या, पुन्हा असं होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. म्हणजे गणिताच्या बाईंच्या भाषेत, अठ्ठ्याण्णव टक्के पास. संध्याकाळी मी एका संपादकांच्या केबिनबाहेर तीन महिन्यांपूर्वीच्या मानधनासाठी ताटकळत होते, तेव्हा फोनवर पीडीएफ आली. एकापेक्षा कमी. नवऱ्याला फॉरवर्ड केली, या वेळी उद्गारचिन्हं न टाकता. मग सासूबाईंना.

दोन निळ्या टिका दिसल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मग मेसेज आला:

‘बरं. येताना कोथिंबीर आण.’